मागच्या बोळातून

आमच्या घरून बाजारात जायला दोन वाटा होत्या. एक समोरची, सरळ, दुकानांवरून जाणारी. दुसरी घराच्या पाठीमागून, नाली ओलांडून, लाकडाच्या वखारीच्या भिंतीला घासून जाणारी. महिन्याच्या एक तारखेपासून पंधरा-सोळा तारखेपर्यंत आम्ही समोरून जायचो. त्यानंतर मागच्या बोळातून. हे कुणी ठरवलं नव्हतं, मला कुणी सांगितलंही नव्हतं. बाबांचं बोट धरून चालताना कोपरा आला की ते बोट डावीकडे वळायचं, आणि त्यावरून मला कळायचं की महिना उतरणीला लागला.

समोरच्या रस्त्यावर किराणा दुकान होतं आणि त्या दुकानात आमच्या नावाची लाल कापडी पुठ्ठ्याची वही होती. उधारीची.

आणि बाबा होते जकात नाक्यावर कारकून. दिवसभर, आणि पाळी असली की रात्रभर, त्यांचं काम एकच. चुकवणाऱ्याला पकडणं.

जकात म्हणजे काय हे आता पोरांना सांगावं लागतं. शहराच्या हद्दीत विकायला किंवा वापरायला माल आला की त्यावर हद्दीवरच कर. बाहेरगावाहून येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर एक नाका, एक आडवा बांबू, एक कंदील, नंतर एक ट्यूबलाइट, आणि आत पावतीपुस्तकं घेऊन बसलेला आमच्या बाबांसारखा माणूस. मुंबईतले दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दचे नाके १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा थांबले. राज्यातल्या बाकीच्या शहरांतले त्याआधीच गेले होते. बाबा तर त्याच्याही कितीतरी आधी निवृत्त झाले. पण रस्त्यानं ट्रक गेला की अजूनही त्यांची नजर चाकाच्या वर जाते. कमानपाट्यांकडे. भरलेल्या गाडीचे पाटे सपाट होतात, रिकाम्या गाडीचे कमानीसारखे वर असतात. ड्रायव्हर म्हणायचा गाडी अर्धीच आहे, वर फक्त भुसा आहे. बाबा पाट्यांकडे बघायचे आणि म्हणायचे, भुसा लई जड आलाय यंदा.

तऱ्हा पुष्कळ होत्या. बिलावर किंमत कमी दाखवायची. वर कांदे, खाली कापडाचे तागे. सर्वांत सफाईची युक्ती पारगमनाची. माल या शहराचा नाही, नुसता इथून पुढे चाललाय, असं सांगून एका नाक्यावर पास घ्यायचा, गावात गोदामाशी माल उतरवायचा आणि रिकामी गाडी दुसऱ्या नाक्यावरून बाहेर काढायची. पकडला तर दहापटीपर्यंत दंड. बाबांनी असे कितीतरी पकडले. त्या दंडातला एक पैसा घरी आला नाही, याचा आईला अभिमान होता आणि थोडा रागही.

मी आता कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करते. इंग्रजीतून मराठीत, कधी मराठीतून इंग्रजीत. मध्यंतरी एका फाइलमध्ये ‘इव्हेजन’ हा शब्द अकरा वेळा आला. पक्षकार कर भरत नाही तेव्हा इव्हेजन, बेलिफाला भेटत नाही तेव्हा इव्हेजन, उलटतपासणीत नीट उत्तर देत नाही तेव्हाही तेच. वकिलांच्या ऑफिसातून एका तरुण मुलाचा फोन आला. “मॅडम, सगळीकडे एकच शब्द टाका ना, सुसंगत दिसेल.” मी म्हटलं, पाहते. (पुण्यामुंबईकडे ‘बघू’ म्हणतात, आमच्या विदर्भात ‘पाहू’. अर्थ एकच. हे होणार नाही.)

कारण मराठीत ते एक नाहीच मुळी. मला हे शाळेत खो-खो खेळताना शिकायला मिळालं, व्याकरणाच्या तासाला नव्हे.

खो-खोत आठजणी मधल्या पाटीवर बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी धावते. तिला बसलेल्यांच्या मधून पलीकडे घुसता येत नाही, एकदा धरलेली दिशा सोडून मागे फिरता येत नाही. खुंटापर्यंत जावं आणि मगच वळावं, नाहीतर खो देऊन बसावं. पळणारीला यातलं एकही बंधन नाही. ती कुठूनही कुठेही जाऊ शकते. म्हणजे नियमांचं सगळं ओझं पकडणारीच्या पाठीवर. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते कधी नव्हे ते मोठ्यानं हसले होते.

मी पळण्यात बरी होते. पहिल्या वर्षी मी लांब पळायचे. पाठीमागची दिसली की सुटायचं, मैदानाच्या कडेला जाऊन उभं राहायचं. बाई ओरडायच्या, “अगं टाळतेस काय, चुकव! लांब गेलीस की तिला खो द्यायला वेळ मिळतो. जवळ राहा. हाताच्या अंतरावर राहा.” मग मी हुलकावणी शिकले. खांदा डावीकडे टाकायचा, नजरही डावीकडे, आणि पाय मात्र उजवीकडे. समोरचीचा हात आपल्या फ्रॉकच्या घेराला जवळजवळ लागतो, तिच्या बोटांचा वारा लागतो, आणि आपण तिथे नसतो. त्या अर्ध्या क्षणात जे सुख आहे ते मला नंतर फारशा गोष्टींत मिळालेलं नाही. या खेळाचे पहिले नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं बांधले. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि भारताचे दोन्ही संघ जिंकले. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. मी टीव्हीसमोर उभी राहून बघत होते आणि माझा डावा खांदा आपोआप आत जात होता.

तर बाईंच्या त्या ओरडण्यात सगळं होतं. टाळणं लांबून होतं. गोष्ट अजून आपल्यापर्यंत पोचलेली नसते, आपण आधीच रस्ता बदलतो. चुकवणं जवळून होतं. गोष्ट अंगावर आलेली असते आणि आपण ऐनवेळी अंग काढून घेतो. लग्न टाळता येतं, मांडवातल्या आत्याचा प्रश्न चुकवावा लागतो. आणि तिसरं आहे बुडवणं. त्यात दुसऱ्या कुणाचं तरी काही पाण्यात जातं. पैसे बुडवतात, कर बुडवतात, मजुरी बुडवतात. फाइलमधला पहिला इव्हेजन हा बुडवणं होता, दुसरा टाळणं, तिसरा उडवाउडवी. त्या मुलाला मी तसं कळवलं. त्यानं अंगठा पाठवला.

शब्द जुळवत बसले तशी एक यादी तयार झाली आणि मला हसू आलं. बगल देणे. काखा वर करणे. कानाडोळा करणे. पाठ फिरवणे. तोंड चुकवणे, नजर चुकवणे. हात झटकणे. पाय काढता घेणे. अंग चोरणे. एकेक अवयव गोळा करत गेलं तर अख्खा माणूस उभा राहील, आणि तो उभा राहताक्षणी पसार होईल. आपल्या भाषेत पळून जाणं मनानं होत नाही, शरीरानं होतं. ‘हातावर तुरी देणे’ त्याहून मजेदार. पळणारा जाता जाता पकडणाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवून जातो, घे, चघळत बस.

कायद्याला मात्र टाळणं आणि चुकवणं यांतली रेघ फार महत्त्वाची वाटते. कर टाळणं म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून कमी कर पडेल अशी व्यवस्था करणं. कर चुकवणं म्हणजे उत्पन्न लपवणं. दुसऱ्याला १९६१ च्या आयकर कायद्यात २७६सी हे कलम होतं, रक्कम मोठी असेल तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पहिल्याला सल्लागार होते. ही रेघ नेमकी कुठे ओढायची यावर १९८५ साली मॅकडॉवेल कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचं पूर्ण घटनापीठ बसलं आणि म्हणालं की करनियोजन चालेल, त्याच्या नावाखाली केलेल्या बनावट युक्त्या चालणार नाहीत. मग २०१२ मध्ये व्होडाफोनच्या खटल्यात निकाल कंपनीच्या बाजूनं गेला. १ एप्रिल २०१७ पासून तर असा नियम लागू झाला की व्यवहाराचा मुख्य हेतूच कराचा फायदा असेल आणि त्यात व्यापारी अर्थ नसेल, तर कागद कितीही चोख असोत, आयकर खातं तो व्यवहार बाजूला सारू शकतं. म्हणजे लांबून टाळणाऱ्यालाही आता हाताच्या अंतरावर आणलं. बाबांना मी हे सगळं एकदा समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “टाळणाऱ्याकडे वकील असतो. चुकवणाऱ्याकडे बैलगाडी.”

बेलिफांच्या अहवालांचं भाषांतर करायला मला विशेष आवडतं. दिवाणी प्रक्रिया संहितेत समन्स कसं बजावायचं ते दिलेलं आहे; माणूस सापडत नसेल किंवा घेत नसेल तर प्रत घराच्या बाहेरच्या दारावर डकवायची. आणि तो मुद्दाम समोर येत नाही अशी कोर्टाची खात्री पटली तर इतर मार्गांनी, वर्तमानपत्रात छापूनसुद्धा. पण अहवालातली वाक्यं! “घरी गेलो असता प्रतिवादीच्या पत्नीने सांगितले की ते शेतावर गेले आहेत. शेतावर गेलो असता गड्याने सांगितले की ते घरी गेले आहेत.” एवढंच. त्या दोन वाक्यांच्या मधल्या वाटेवर तो प्रतिवादी धुऱ्याआड, म्हणजे शेताच्या बांधाआड, बसून बेलिफाची सायकल जाताना पाहत असणार, हे कुणी लिहीत नाही, पण दिसतं.

याच्या उलट सरकारी मराठी. तिथे लपायला धुरा लागत नाही, व्याकरण पुरतं. विधिमंडळातल्या लेखी प्रश्नोत्तरांचे कागद पाहिलेत कधी? प्रश्न : हे खरे आहे काय? उत्तर : हे अंशतः खरे आहे. असल्यास, चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले? उत्तर : माहिती गोळा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तर : प्रश्न उद्भवत नाही. मला या ‘प्रश्न उद्भवत नाही’चं मोठं कौतुक वाटतं. प्रश्न समोर छापलेला आहे, त्याला क्रमांक आहे, आणि तरी तो उद्भवत नाही. आणि ‘करण्यात येत आहे’, ‘कळविण्यात येईल’, ‘आदेशित करण्यात आले’. कोण करतंय, कोण कळवील, कुणी आदेश दिला? कर्ता वाक्यातून अलगद उठून चहाला गेलेला असतो. इंग्रजीतून मराठीत आणताना मी पूर्वी कर्ता शोधून वाक्यात परत बसवायचे. साहेब लोक तो पुन्हा काढून टाकायचे. आता मीही नाही बसवत. वेळ मारून नेते म्हणा.

धर्मराजाचं मात्र मला तितकं वाईट वाटत नाही. नरो वा कुंजरो वा म्हणून आपण त्याला इतकी वर्षं धारेवर धरलंय, पण त्याचा रथ तेवढ्यानं चार बोटं खाली आला. इथे असली उत्तरं दर अधिवेशनात छापली जातात आणि कुणाच्याही गाडीची हवा जात नाही.

पण सगळीच टाळाटाळ अशी नसते. आजी रात्री सापाला साप म्हणायची नाही, जनावर म्हणायची. दिवा विझवायची नाही, मालवायची. तिची बांगडी कधी फुटली नाही, वाढवली. घरातून निघणारा कुणीही ‘जातो’ म्हणाला की ती त्याला उंबऱ्यात थांबवायची आणि ‘येतो म्हण’ म्हणायची. ही चार शब्दांची सवय अजून सुटलेली नाही. माझा मुलगा बंगळुरात असतो, फोन ठेवताना इंग्रजीत बाय म्हणतो आणि मग एक क्षण थांबून, “येतो गं.” तो येणार असतो दिवाळीला. इथे टाळलेली गोष्ट आहे ती वाईट आहे म्हणून नव्हे, ती खरी आहे म्हणून टाळलेली.

दुकानदारही दुकान बंद करत नाही. दुकान वाढवतो.

त्या किराणा दुकानाकडे येते. दुकानदार जाड, बुटका, कानावर पेन्सिल. नाव देत नाही, त्यांची मुलं-नातवंडं त्याच गावात आहेत. बाबांना ते ‘नाकेवाले बाबू’ म्हणायचे. महिना सरताना आम्हाला नाइलाजानं समोरून जावंच लागलं, म्हणजे मागच्या बोळात पावसाचं पाणी साचलं किंवा वखारीतला ट्रक आडवा लागला, तर ते एक करायचे. नेमकं तेव्हाच तराजूकडे बघायचे. रिकाम्या तराजूकडे. पारड्याला बोट लावून काटा मध्यावर येतो का ते फार लक्षपूर्वक पाहायचे, आम्ही पुढे निघून जाईपर्यंत. बाबा दुसऱ्या बाजूच्या भिंतीवरची सिनेमाची पोस्टरं वाचायचे. सिनेमा त्यांनी आयुष्यात चार-पाच पाहिले असतील.

मला वाटायचं, पळतोय तो आपणच. समोरचा बसलेला आहे, हद्दीत, नाक्यावर, जसे बाबा बसतात. मग एका श्रावणात, तेवीस-चोवीस तारीख असेल, आम्ही मागच्या बोळात शिरलो आणि पलीकडच्या टोकाकडून तेच आले. एका हातात छत्री, एका हातात धोतराचा सोगा, चिखल चुकवत. बोळ इतका अरुंद की दोन माणसांना एकमेकांना घासल्याशिवाय जाता येत नव्हतं. परत फिरायची सोय कुणालाच नाही. आम्ही तिघं वखारीच्या ओल्या भिंतीला पाठ लावून उभे राहिलो.

“काय बाबू, इकडून?”

बाबा म्हणाले, “तिकडून ऊन लागते जी.”

आभाळ काळंकुट्ट होतं. दोन दिवसांत सूर्य दिसला नव्हता.

त्यांनी वर पाहिलं, मान हलवली आणि गंभीरपणे म्हणाले, “हो न जी. लई ऊन आहे.” आणि छत्री उघडून पुढे गेले. त्या दिवशी ठोक व्यापाऱ्याचा मुनीम वसुलीला आला होता आणि त्यांच्या दुकानाच्या बाकड्यावर बसून होता. हे आईला दुसऱ्या दिवशी नळावर कळलं.

चुकवणे या धातूचं मला कोडं पडतं ते इथे. चुकणे म्हणजे चूक करणे, चुकणे म्हणजे वाट हरवणे, चुकवणे म्हणजे हुकवणे. कामचुकार म्हणजे काम न करणारा. आणि हिशेब चुकता करणे म्हणजे? पै न पै देणे. भंडारा-गोंदियाकडच्या वर्तमानपत्रांत दरवर्षी एक मथळा असतो, ‘धानाचे चुकारे थकले’. आधारभूत केंद्रावर धान विकलं, त्याचे पैसे म्हणजे चुकारे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका संपादकांनी माझ्या मजकुरात हा शब्द खोडून ‘थकबाकी’ केलं होतं. त्यांना वाटलं, चुकारे म्हणजे कुणीतरी चुकवलेले. तसं पाहिलं तर तेही खरंच असतं बहुतेक वर्षी. देणं पूर्ण देऊन टाकणं आणि देणं हुकवणं यांना एकाच मुळापाशी पाणी मिळतं, हे कसं झालं असेल? मला वाटतं, दोन्हींत शेवटी एकच होतं. समोरासमोर यायचं कारण संपतं.

आमचं खातं मी आठवीत असताना संपलं. वेतन आयोगाची थकबाकी एकरकमी मिळाली होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून समोरच्या रस्त्यानं गेले, मला घेऊन. दुकानदारांनी पेन्सिल कानावरून काढली, ती ठेवली, आणि गल्ल्यातून शाईचं पेन शोधलं. लाल वहीतल्या शेवटच्या भरलेल्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारली आणि तिच्यावर चढवून लिहिलं : चुकते. मग मला गूळशेंगदाण्याची चिक्की दिली आणि ती वहीत लिहिली नाही. बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं मला नीट आठवत नाही. ते परत येताना खूप बोलत होते एवढं आठवतं. पुढच्या महिन्यात नवीन पान सुरू झालं, पण आता वीस-बावीस तारखेपर्यंत समोरून जाता यायचं.

आज बाबा ब्याऐंशीचे आहेत. दुकान गेलं. तिथे मोबाइलच्या काचा बदलून देणारा बसतो. वखारही गेली, बोळात सिमेंट आलं, नाली झाकली. मी गेले की त्यांना पेन्शनच्या कामाला बँकेत घेऊन जाते. गेल्या मे महिन्यात परतताना साडेअकरा वाजले होते. समोरच्या रस्त्याला आता दोन्ही बाजूंनी दुमजली घरं झालीत, कडुलिंबाची रांग आहे, चालायला गार. मागच्या बोळात वखारीची भिंत पाडल्यापासून आडोसा राहिलेला नाही. नुसतं पांढरं सिमेंट आणि वर आग.

कोपरा आला आणि माझ्या हातातला त्यांचा हात डावीकडे वळला.

“बाबा, इकडून कशाला? समोरून जाऊ न.”

त्यांनी गमछा डोक्यावर ओढून घेतला.

“तिकडून ऊन लागते,” म्हणाले.